अंगणात आपोआप उगवलेलं चिकट पानांचं झाड कोणतं?

उकाडा४७ | २० जुलै, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे.

नागपूरच्या बेसा भागात नवीन घर बांधलं. भोवताली थोडी जागा सोडली होती, तिथं मे महिन्यात एका माणसाकडून दोन ट्रॉली काळी माती आणि शेणखत टाकून घेतलं. "एकदम गाळलेली माती आहे साहेब, काडी सापडणार नाही," म्हणाला. काडी खरंच नाही सापडली. एक चप्पल सापडली, आणि पहिल्या पावसानंतर अख्खं जंगल.

कुंपणाच्या कोपऱ्यात मी सांबार पेरलं होतं. त्यातलं एकही उगवलं नाही, पण त्याच जागी एक अनोळखी झाड जोमात आलंय. फोटो चिकटवायचा दोनदा प्रयत्न केला, होत नाहीये, म्हणून शब्दांत सांगतो. उंची गुडघ्याच्या वर. खोड जाड आणि पाणीदार, नखानं दाबलं तर नख आत जाईल असं. पानं तळहाताहून मोठी, बदामी आकाराची, कडा किंचित नागमोडी. आणि सगळं झाड चिकट! पान चाचपलं की बोटं गुळाच्या ढेपेला लागल्यासारखी होतात. वास उग्र. पानांवरच्या बारीक लवेत चिलटं चिकटून मेलेली दिसतात.

फोनवरच्या ॲपनं पहिल्या दिवशी भोपळा सांगितला, दुसऱ्या दिवशी वांगं, आज सूर्यफूल. उद्या बहुतेक मलाच झाड म्हणेल.

आई म्हणते, "उपटून नको टाकू, पाहू त काय येते." ती उमरेडकडची, रानातलं बहुतेक सगळं ओळखते. हे मात्र तिलाही ओळखू येत नाहीये.

पुणेरी_पाटी | २० जुलै, रात्री ९:५८

सांबार पेरलं?? इडली पण लावली का शेजारी?

संत्राबर्फी | २० जुलै, रात्री १०:०३

@पुणेरी_पाटी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि टोमॅटोला भेदरं. तुम्ही खाता ते सांबार आम्ही पेरत नाही, तुम्ही खाता ती कोथिंबीर आम्ही पेरतो. डोकं दुखलं असेल तर चहा घ्या.

पुणेरी_पाटी | २० जुलै, रात्री १०:०५

सांबारवडीत सांबार नसतं हे मला लग्नानंतर कळलं. सासुरवाडी वर्धेची. माघार घेतो.

चिवचिव | २० जुलै, रात्री १०:३१

चिकट पान आणि उग्र वास म्हणजे तंबाखू असेल. आमच्या आजोळी होती, पानं अशीच मोठी.

तर्री_मारके | २० जुलै, रात्री १०:४४

उकाडाभाऊ, दुसरंच काही असेल त फोटो टाकू नका बे, पोलीस पण वाचून राहिले असतील.

अंबाझरीकाकू | २१ जुलै, सकाळी ६:१०

धोतरा असेल हो! फार सांभाळा, घरात लहान मूल असेल तर आधी उपटा. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्टासारखं वागतं. आमच्या गल्लीत पूर्वी झालंय.

आणि पावसाळ्यात आपोआप आलेलं सगळंच वाईट नसतं बरं. मी कालच मोकळ्या प्लॉटमधून तरोट्याचा कोवळा पाला खुडून आणला. पाला उकळून घट्ट पिळायचा, भरपूर लसूण आणि भिजवलेली हरभरा डाळ घालून परतायचा. पुण्यामुंबईकडे ह्यालाच टाकळा म्हणतात. सूनबाई म्हणाल्या, "आई, रस्त्यावरचं गवत खायला घालून राहिल्या का?" दोन भाकरी जास्त खाल्ल्या मग.

संत्राबर्फी | २१ जुलै, सकाळी ८:१५

काकू, पाकृ वेगळ्या धाग्यात टाका ना. इथं भूक लागली.

रानोमाळ | २१ जुलै, सकाळी ११:२०

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. नुसत्या वर्णनावरून नाव ठोकून देणं बरं नाही, पण काय नाही ते बऱ्यापैकी सांगता येईल. उकाडा४७, एक बघून सांगा: पानं खोडावर समोरासमोर जोडीनं आली आहेत, की एक इकडे, एक जरा वर तिकडे अशी?

हे का विचारतोय तर धोतरा, तंबाखू, वांगं ही एका कुळातली मंडळी, त्यांची पानं एकाआड एक असतात. भोपळ्याचीही तशीच, शिवाय त्याला तणावे हवेत. सूर्यफुलाची खालची पानं समोरासमोर असतात, वर जाताना एकाआड एक होतात, पण ती खरखरीत, चिकट नव्हेत.

कुठलाही भाग चाखून बघू नका. हात लावल्यावर साबणानं धुवा.

उकाडा४७ | २१ जुलै, संध्याकाळी ७:०२

सर, आत्ता टॉर्च घेऊन पाहिलं. समोरासमोर. प्रत्येक ठिकाणी जोडी.

मुलगी सात वर्षांची आहे, काकूंचा प्रतिसाद वाचून बायकोनं झाडाभोवती विटा लावल्या. आता ते तुळशीवृंदावनासारखं दिसून राहिलं. शेजारच्या आजींनी सकाळी त्याला हळदकुंकू वाहिलं नाही म्हणजे मिळवली.

चिवचिव | २१ जुलै, संध्याकाळी ७:१९

मग तंबाखू बाद. :(

आगंतुक | २१ जुलै, रात्री ९:५०

समोरासमोर मोठी पानं म्हणजे साग! नागपूरच्या आसपास सागाची काय कमी आहे. बी मातीतून आलं असेल.

कास्तकार | २२ जुलै, सकाळी ५:४५

साग नाही. सागाचं पान कागद घासायच्या पट्टीसारखं खरखरीत राहते. कोवळं पान तळहातावर चोळून पाहा, हात लाल झाला त साग. आम्ही लहानपणी त्यानंच मेंदी खेळत होतो.

मले वेगळीच शंका येऊन राहिली, पण फूल येऊ द्या. माती कोणत्या गावची होती ते विचारा ट्रॉलीवाल्याले.

उकाडा४७ | २२ जुलै, सकाळी ८:३०

चोळलं. हात लाल नाही झाला, नुसता चिकट. ऑफिसमध्ये मोबाईल हाताला चिकटून राहिलाय.

ट्रॉलीवाला फोन उचलत नाही. उरलेले पैसे द्यायचे होते तेव्हा दिवसातून चारदा करत होता.

तर्री_मारके | २२ जुलै, सकाळी ९:०१

चिलटं खाणारं झाड असेल. मांसाहारी. सावजी रस्सा घालून पाहा, झपाट्यानं वाढेल.

रानोमाळ | २२ जुलै, दुपारी १२:४०

गमतीत म्हणालात, पण प्रश्न रास्त आहे. दवबिंदू नावाच्या झाडासारखी खरी मांसाहारी झाडं चिकटलेला कीटक पचवतात, त्यातलं नत्र घेतात. नुसत्या चिकट लवेच्या झाडांवर चिलटं अडकतात, पण झाडानं ती पचवल्याचं दिसत नाही. लव असते ती पानं कुरतडणाऱ्या किड्यांना अडवायला. चिलटं बिचारी फुकट मरतात.

माझ्याही मनात एक नाव आहे. कास्तकार म्हणतात तसं, फूल येऊ द्या.

पुणेरी_पाटी | २२ जुलै, दुपारी १२:५५

दोघांच्याही मनात नाव आहे आणि दोघंही सांगत नाहीत. दैनंदिन मालिका चाललीय का?

उकाडा४७ | १६ ऑगस्ट, रात्री १०:१२

धागा वर काढतोय. फूल आलं!!

मधल्या काळात झाड कमरेएवढं झालं. सकाळी पाहिलं तर शेंड्याकडे पाचसहा फुलांचा घोस. पांढरट गुलाबी, लांबट घंटेसारखं, तोंडाशी पाच पाळ्या, पाळ्यांवर एकेक गडद जांभळा ठिपका, आत घशात पिवळे डाग. इतकं देखणं की बायकोनं विटांना गेरू लावला. बघतच राहावं असं फूल आणि खाली ती घामट पानं, जोडी काही जमत नाही.

ॲप आज म्हणालं: तीळ.

कास्तकार | १७ ऑगस्ट, सकाळी ५:३८

विंचू. पक्का. आमच्याकडे फळालेही विंचूच म्हणतात. कोणी वाघनखी म्हणते. धुऱ्यावर, उकिरड्यावर, पडीक जागेत येते. फळ वाळलं की काळं कुळकुळीत होते अन् टोकाले दोन आकडे राहतात. बैलाच्या पायाले, मेंढीच्या लोकरीले अडकून गावभर फिरते. तुमच्या शेणखतातून आलं हे. गोठ्यात जनावराच्या पायातून पडलं असन, तिथून ट्रॉलीत.

रानोमाळ | १७ ऑगस्ट, सकाळी १०:०५

कास्तकार बरोबर आहेत, आणि मी ज्या नावाशी थांबलो होतो तेही हेच. मार्टिनिया ॲनुआ. ॲपचा 'तीळ' अगदीच चुकीचा नाही. फुलाच्या घाटावरून ते तिळाकडे गेलं. ह्या झाडाला पूर्वी तिळाच्याच कुळात धरत, आता त्याचं स्वतःचं कुळ आहे.

खात्री करायची तर दोन गोष्टी बघा. फूल अलगद उघडून पुंकेसर मोजा. पूर्ण वाढलेले दोनच असतील, बाकीचे खुरटलेले. ह्याचे अमेरिकेतले लांब शिंगांचे भाईबंद आहेत, त्यांच्यात चार असतात. दुसरी गोष्ट मुलीसोबत करा. फुलात वरच्या बाजूला स्त्रीकेसराचं टोक दिसेल, दोन जिभा उघड्या असल्यासारखं. गवताच्या काडीनं हलकेच स्पर्श करा आणि बघत राहा.

नावाचं म्हणाल तर लिनियसनं १७५३ मध्ये नोंदवलेलं हे नाव केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन मार्टिन यांच्यावरून पडलं. झाड मूळचं मेक्सिकोकडचं.

उकाडा४७ | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४८

सर!!! जिभा मिटल्या! डोळ्यांदेखत! काडी लागली आणि दोन सेकंदांत पुस्तक मिटावं तशा मिटल्या. मुलगी किंचाळली. आम्ही चहा पिऊन परत आलो तर पुन्हा उघडलेल्या. आता ती प्रत्येक फुलाला काडी लावत सुटलीय, झाडाला आज काम नाही दुसरं.

पुंकेसर दोनच.

रानोमाळ | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

फसव्या स्पर्शानंतर परागकण आलेच नाहीत तर उघडतात. मधमाशी दुसऱ्या फुलाचे पराग घेऊन आत शिरते तेव्हा ते आधी ह्या जिभांना पुसले जातात आणि दार बंद. बाहेर पडताना अंगाला लागलेले त्याच फुलाचे पराग मग त्यावर पडत नाहीत. मुलीला सांगा, रोज त्याच फुलाला त्रास नको.

चिवचिव | १७ ऑगस्ट, रात्री ८:१५

लाजाळूची हुशार बहीण.

अंबाझरीकाकू | १८ ऑगस्ट, सकाळी ६:२२

अगोबाई, वाघनखी होय! आमच्या सासूबाई ह्याचं फळ पाळण्याला बांधायच्या, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. आणि विंचू चावला की ह्याचंच बी उगाळून लावायचे. विंचवासारखं दिसतं ना, म्हणून विंचवावर औषध. फळं झाली की मला दोन द्या हो.

डॉक_वर्धा | १८ ऑगस्ट, सकाळी ९:४०

काकू, पाळण्याला जरूर बांधा, बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं उंच. पण विंचवाचं मात्र इथंच थांबवूया. झाडाचा भाग ज्या प्राण्यासारखा किंवा अवयवासारखा दिसतो त्यावर तो औषध, ही समजूत जगभर होती, अजून आहे. दिसण्यावर काही ठरत नाही.

लाल विंचवाचं विष थेट हृदयावर जातं. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं, पुढे फुप्फुसात पाणी. लहान मुलांना धोका जास्त. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी ह्यावर वापरून दाखवली आणि विंचूदंशानं मरणाऱ्यांचं प्रमाण खाली आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता प्रतिविषही असतं. उगाळण्यात जातो तो अर्धा तास आम्हाला हवा असतो. इंटर्नशिपमध्ये एक मूल असंच उशिरा आलेलं पाहिलंय. वाचलं, पण ती रात्र विसरत नाही.

अंबाझरीकाकू | १८ ऑगस्ट, सकाळी १०:०२

बरोबर आहे डॉक्टर. पाळण्यापुरतंच.

तर्री_मारके | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

वाघनखं म्हणाल त २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला आली, मग आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात आली. लोकांनी रांगा लावल्या. अन् उकाडाभाऊंच्या इथं फुकटात उगवून राहिली. तिकीट लावा.

पुणेरी_पाटी | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३४

लंडनची ती खरी की...

संत्राबर्फी | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३५

नाही. वेगळा धागा काढा. इथं नाही.

आगंतुक | १८ ऑगस्ट, दुपारी १:१०

सगळ्यांचं कौतुक चालू आहे, पण हे मेक्सिकोचं तण आहे ना? गाजरगवत असंच आलं. पन्नासच्या दशकात पुण्यात दिसलं आणि आज देशात एक रस्ता मोकळा नाही. घाणेरीनं जंगलं खाल्ली. बी पडायच्या आत उपटा, हेच शहाणपण.

संत्राबर्फी | १८ ऑगस्ट, दुपारी १:२६

मिरची, आलू, भेदरं, पेरू, सीताफळ, सगळं त्याच बाजूनं आलंय. उपटायला कुठून सुरुवात करू? आपली संत्रीसुद्धा रघूजी भोसल्यांनी औरंगाबादहून आणली असं सांगतात, म्हणजे तीही बाहेरचीच.

आगंतुक | १८ ऑगस्ट, दुपारी १:४०

मिरची रानात घुसून दुसऱ्याची जागा बळकावत नाही. मुद्दा परदेशी असण्याचा नाही, पसरण्याचा आहे.

रानोमाळ | १८ ऑगस्ट, दुपारी ३:१५

आगंतुक यांचा मुद्दा बाजूला सारू नका. फरक मात्र लक्षात घ्या. गाजरगवताचं एक झाड हजारो बारीक बिया सोडतं, वाऱ्यावर, पाण्यावर, गाड्यांच्या चाकाला लागून त्या जातात. त्याच्या मागे मेक्सिकन भुंगेरा सोडावा लागला, १९८४ मध्ये बंगळूरला. विंचवाची फळं मोठी आणि मोजता येतील इतकी असतात. वर्षायू झाड, हिवाळ्यात वाळून जातं. घरच्या अंगणात एक झाड ठेवलं आणि फळं गळायच्या आत वेचली तर ते तुमच्या ताब्यात राहील. वेचली नाहीत तर पुढच्या पावसात आगंतुक यांची क्षमा मागायची वेळ येईल.

कास्तकार | १९ ऑगस्ट, सकाळी ५:५०

शेतात असतं त मी उपटलं असतं. फळ पायात घुसलं त बैल लंगडते. अंगणात ठेवा, पण अनवाणी फिरू नका.

आगंतुक | १९ ऑगस्ट, सकाळी ८:०५

ठीक. वेचणार असाल तर माझी हरकत मागे.

उकाडा४७ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

अहवाल देतो, थोडा लांबेल.

सप्टेंबरात हिरवी फळं धरली. छोट्या कैरीसारखी, टोकाला वाकडी चोच, तीही चिकट. तोपर्यंतही आई म्हणत होती, "असं झाड मी पायलंच नाही." तुम्ही सांगितलेलं 'विंचू' नाव तिला सांगितलं, तर म्हणाली, विंचू माहीत आहे, पण तो असा नसतो.

मग दिवाळीनंतर झाड वाळायला लागलं. फळाची हिरवी साल तडकून गळाली आणि आतून ते निघालं. काळं, टणक, पाठीवर खाचा, पुढे दोन आकडे. आकड्यांची टोकं सुईसारखी. एक फळ आईच्या पदराला अडकलं. तिनं ते सोडवलं, हातात उलटंसुलटं केलं आणि तिथंच पायरीवर बसली. "अरे, हा त आमचा विंचू हाय!"

त्यांच्या गावात उकिरड्याजवळ उन्हाळ्यात हे पडलेलं सापडायचं. पोरी दोन विंचू एकमेकांत अडकवून ओढायच्या, ज्याचा आकडा मोडला तो हरला. भावाच्या सदऱ्याला मागून अडकवायचं आणि "विंचू विंचू" ओरडायचं. तिच्याकडे एका वेळी अकरा होते, डालडाच्या डब्यात. पण उन्हाळ्यात झाड वाळून गेलेलं असायचं, त्यामुळे हे कशाला लागतं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पावसाळ्यात हेच झाड गावात हिरवंगार उभं असणार आणि ती शेजारून जात असणार. म्हणाली, "पासष्ट वर्षं झाली, आज झाडाची अन् फळाची गाठ पडली."

आता रोज संध्याकाळी आजी आणि नात पायरीवर विंचू लढवतात. नात हरते, कारण आजी जुनी खेळाडू आहे आणि मोडका आकडा गुपचूप बदलते.

एकूण फळं तेवीस. सगळी वेचली, आगंतुक. म्हणजे बावीस वेचली, एक शेजाऱ्यांच्या कुत्र्यासोबत गेलं. कुत्रा लंगडत आला तेव्हा कळलं, तेही काढून आणलं.

आगंतुक | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३२

तेवीसची नोंद झाली. :)

डॉक_वर्धा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

धनुर्वाताचं इंजेक्शन कुत्र्याला लागत नसेल, तुम्हाला टोचलं तर घ्या.

चिवचिव | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०४

डालडाचा डबा वाचून डोळ्यांत पाणी आलं, का ते माहीत नाही.

अंबाझरीकाकू | १० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

माझे दोन राखून ठेवले ना? रविवारी मुलाला पाठवते बेशाला. आणि आईंना विचारा, उमरेडकडे तरोट्याची भाजी कशी करतात.

उकाडा४७ | १० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

ठेवलेत काकू. आई म्हणते, डाळ नाही, कण्या घालायच्या.

पुणेरी_पाटी | १० नोव्हेंबर, सकाळी ८:४१

एक मलाही. कुरियरचा खर्च देतो.

तर्री_मारके | १० नोव्हेंबर, सकाळी ८:४५

कुरियर काऊन? तुमच्या सासुरवाडीले जाणाऱ्या कोणाच्याही पायजाम्याले अडकवून देतो.

पुणेरी_पाटी | १० नोव्हेंबर, सकाळी ८:५२

चालेल. येताना सांबारवडी पण.

उकाडा४७ | १० नोव्हेंबर, सकाळी ९:००

त्याच कोपऱ्यात आता पुन्हा सांबार पेरलंय. या वेळी माती चाळून.